कमानीखालून विमान

अनया आणि निहार, तुम्ही तिकडच्या संग्रहालयातून पाठवलेला फोटो मी मोठा करून, चष्मा पुसून दोनदा पाहिला. बर्फावर लाकडी पट्ट्यांवर उभं असलेलं ते एका इंजिनाचं विमान, आणि त्याच्या पंखाखाली केसाळ टोपी घातलेला, डोळे बारीक केलेला माणूस. उत्तरेकडच्या जंगलात रस्ते नव्हते तेव्हा तिथं पहिल्यांदा विमानं नेणारे हे लोक, असं तुम्ही खाली लिहिलंय, आणि वर विचारलंय की आजी, असे लोक होते हे तुला ठाऊक होतं का. ठाऊक होतं, बाळांनो. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक वैमानिक साताऱ्यात आमच्या मोरीवर दात घासायचा आणि बादलीभर पाणी सांडतो म्हणून आईची बोलणी खायचा. त्याचं नाव दौलत, माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. तुमच्या आईनं त्याला थकलेला पाहिला, तुम्ही तर पाहिलाच नाही. म्हणून आधी घर सांगते, मग तो सांगते आणि मग विमानाचा दिवस.

आमचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी, भाड्याचं, चार खोल्यांचं. वडील सरकारी कचेरीत होते आणि बहुधा फिरतीवर असत, त्यामुळे घरात राज्य होतं ते आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पहाटे बंबात कोळसे पडल्याचा आवाज, मग आबांच्या बुटांचा आवाज, मग आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज, या क्रमानं आमचा दिवस उगवायचा आणि त्यात कधी बदल होत नसे. आंघोळ झाली की आबा फेटा बांधायला घेत. पांढरा, हलकी खळ दिलेला, एका खोलीत न मावणारा. त्याचं एक टोक ओढून धरणं हे माझं काम. मी स्वयंपाकघराच्या दारात आणि आबा पार सोप्यात, मधे ती पांढरी पट्टी ताणलेली. आई तिच्याखालून वाकून ये-जा करायची. एकदा डोक्यावर फेटा चढला की तो रात्री झोपेपर्यंत उतरत नसे. घराबाहेर बोडक्या डोक्याचे आबा मी त्या विमानाच्या दिवसापर्यंत पाहिलेच नव्हते.

आमच्या घरात मुलगा झाला की तो पलटणीत जाणार हे गृहीत होतं. वडिलांची नजर अधू, म्हणून ते कचेरीत गेले आणि आबांनी ते सोसलं. दौलतकाका मात्र हवाई दलात इंजिनांवर काम शिकला, मुदत संपली तशी पुढं राहिला नाही आणि थेट कॅनडाच्या उत्तरेला गेला. आबांना विमानाचं वावडं नव्हतं. परमुलखात जाऊन कुणा खासगी माणसाचं विमान चालवणं ही त्यांच्या लेखी नोकरीच नव्हती. काका बऱ्याच वर्षांनी घरी आला, तेव्हा मी आठवीत होते. त्याच्या पिशवीला धुराचा आणि तेलाचा वास होता. आबा त्याच्याशी बोलत नव्हते, पण फौजी माणूस. शिस्तीत बोलत नव्हते. एकाच पंगतीला बसून ते मला सांगायचे, "शालन, तुझ्या काकाला म्हणावं, भाजी वाढून घे." आणि काका तोंडातला घास गिळून म्हणायचा, "शाले, आबांना सांग, घेतली." मी दोन्ही निरोप इमानेइतबारे पोचवायची. आईला हसू आवरायचं नाही, ती भाकरी आणायच्या निमित्तानं आत पळायची.

काकाच्या सवयी सगळ्या त्या थंड मुलखाच्या. तिकडं संध्याकाळी विमान थांबवलं की इंजिनातलं तेल डब्यात काढून चुलीजवळ ठेवतात आणि सकाळी गरम गरम परत ओततात, नाहीतर ते डांबरासारखं गोठून बसतं. साताऱ्यात तेव्हा त्यानं एक जुनी मोटारसायकल घेतली होती. थंडी पडली आणि एका सकाळी आईला बंबाशेजारी काळ्या तेलाचा डबा सापडला. आई म्हणाली, "भावजी, हितं नळाचं पाणी गोठत न्हाई, तुमचं तेल कुठनं गोठतंय? उद्या ह्यातच वांगी फोडणीला टाकली तर मला बोलायचं न्हाई." काका म्हणाला, "वैनी, हाताला सवय लागलीया, काय करू?" त्यानं एकदा आम्हाला तिकडची रोटी करून घातली. मैद्याची, जाडजूड, तव्यावर भाजलेली. आईनं ती अख्ख्या मसुराबरोबर खाल्ली आणि ही भाकरी आहे की पोळी ते आधी ठरवा, मग नाव ठेवते, एवढंच म्हणाली.

जेवणं झाली की गोष्टी. आबा सोप्यात पाठ करून रेडिओजवळ बसत. आई, मी आणि काका आत. काकाला ज्यानं तिकडचं उडणं शिकवलं तो टॉम नावाचा म्हातारा होता, त्या पहिल्या फळीतला. काका त्याला टॉमतात्या म्हणायचा. टॉमतात्या उडायला लागला तेव्हा नकाशावर त्या भागात नुसता कोरा कागद होता. तो नद्या धरून जायचा, वळणं लक्षात ठेवायचा, आणि चुकला तर तळ्यावर उतरून एखाद्या कोळ्याला रस्ता विचारायचा. उन्हाळ्यात विमानाला होड्या, हिवाळ्यात घसरायच्या पट्ट्या. आणि मधे जेव्हा तळं धड गोठत नाही आणि धड वितळत नाही, तेव्हा सगळे वैमानिक पत्ते खेळत बसायचे. टपाल, पीठ, खिळे, मास्तरीणबाई, देवळासाठी बाजाची पेटी, काय वाटेल ते त्यांनी नेलं. एकदा गाडी ओढणारी कुत्री नेताना ती हवेतच एकमेकांच्या नरडीला लागली. टॉमतात्यानं विमानाचं नाक एकदम वर केलं, कुत्री घरंगळत शेपटाकडे जाऊन पडली आणि मुक्कामापर्यंत गप्प राहिली. एकदा झाडाची फांदी लागून पंखाचं कापड फाटलं, तर त्यानं पिठाचं पोतं शिवून वर खळ चोपडली. पुढं हिवाळाभर त्या पंखावर गिरणीचं नाव वाचून पोरं विमान ओळखायची. आई म्हणाली, ठिगळ लावायला तिथं बाईमाणूस नव्हतं वाटतं.

मला सगळ्यांत आवडायची ती फांद्यांची गोष्ट. बर्फ पडून गेलं की वरून सगळं एकसारखं पांढरं दिसतं. जमीन दहा हातांवर आहे की शंभर, कळत नाही. मग टॉमतात्या खिडकीतून झाडाच्या हिरव्या फांद्या फेकायचा, वळसा घालून यायचा आणि त्या काळ्या ठिपक्यांच्या अंदाजानं उतरायचा. आणि गोठलेल्या तळ्यावर उतरायचं असलं, तर तिथं राहणारी माणसं आधीच बर्फावर फांद्या मांडून ठेवायची. सरळ ओळ म्हणजे बर्फ जाड आहे, ये. फुली म्हणजे पातळ आहे, येऊ नको. काका म्हणायचा, "वरून काही कळत नसतं, शाले. खालच्यांनी सांगायचं असतं." हे तो जरा मोठ्यानं म्हणायचा, असं मला आता वाटतं.

काका सुट्टीवर आला होता आणि तिकडची नोकरी त्यानं सोडलेली नव्हती. त्याच सुमारास आमच्या गावाकडं, सांगलीजवळ कृष्णेच्या काठानं, उसावर पाकोळी पडली. पानाखाली बसून रस शोषणारा तो किडा. ऊस पुरुषाच्या वर गेलेला, आत शिरून फवारणी करणं अवघड. आसपासच्या गावांनी मिळून विमानानं फवारणी करून घ्यायचं ठरवलं. पुण्याच्या एका लहान कंपनीकडं तसं विमान होतं, पण कच्च्या रानात उतरवणारा वैमानिक नव्हता. काकानं ते काम धरलं. कंपनीच्या साहेबांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं: विमान गावात नीट उतरलं तर हंगामभर इथंच राहील आणि काकाची नोकरी पक्की, उतरायची पट्टी नालायक निघाली तर विमान दुसऱ्या दिवशी आंध्रात. मग काका परत उत्तरेला जाणार होता, आणि या वेळी गेला तर तो पुन्हा येईल असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. आई देवापाशी उभी राहिली की तिचे ओठ हलायचे, ते कशासाठी हे मला कळायचं. मी एकदा काकाला विचारलं, तुला खरंच इथं राहायचंय का. तो म्हणाला, "तिकडं खाली बघितलं की ओळखीचं कुणी नसतं गं."

पट्टीसाठी काका गावाशेजारचा माळ पायी फिरून आला होता. मुरमाड, टणक, त्याला तो पसंत होता. पण ऊस उत्पादकांचे पुढारी गणपतअण्णा. त्यांना हे मान्य होईना. "इमान माझ्या रानात उतरंल. माळावर काय हाय? शेरडं चरत्यात तिथं. लोक काय म्हणतील?" अण्णांचं रान लांब, सपाट, काळ्या मातीचं, नुकतंच ऊस तुटून मोकळं झालेलं. साहेबांनी होकार दिला. त्यावर रोलर फिरवून ते तव्यासारखं केलं, तेव्हा काकानंही मान हलवली. कोरडं आहे तोवर चालेल, म्हणाला.

विमानाच्या दिवशी आबा आणि मी साताऱ्याहून पहिल्या एसटीनं निघालो. आबांनी मला आधीच बजावलं, "मी त्याच्यासाठी येत न्हाई. माझा ऊस हाय तिथं." सांगलीच्या स्टँडवर त्यांनी भडंगाचा पुडा घेतला. आम्ही दोघंही भडंग खात नव्हतो, काका खायचा.

गावात पोचलो आणि पाहते तर लग्नघर. हलगी वाजत होती, बायका आरतीची ताटं घेऊन नटून उभ्या, शाळेला सुट्टी. आणि अण्णांच्या रानाच्या तोंडाशी केळीचे खुंट, आंब्याची पानं, झेंडूच्या माळा लावून भलीमोठी कमान उभी केलेली. रसूलभाई मंडपवाले सांगलीहून येऊन रातोरात राबले होते. पाहुणा कमानीखालून येतो, हे इथल्या प्रत्येकाला आईच्या पोटातून ठाऊक. मग पाहुणा विमानातून आला म्हणून काय झालं? रसूलभाई मला अभिमानानं दाखवत होते, उंची चांगली धरलीय, ट्रक आरामात जातो. पंखांचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण मी आबांचा हात धरला तो कमानीमुळं नव्हे. एवढ्या थोर पाहुण्यावर धुरळा उडू नये म्हणून अण्णांनी सकाळपासून टँकर फिरवून सगळ्या पट्टीवर पाणी मारलं होतं. अगदी प्रेमानं, कोपरान् कोपरा. आणि त्याच्या कडेनं बायकांनी रांगोळ्या काढल्या होत्या.

काळ्या रानात पाणी पडलं की काय होतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. चप्पल टाकली तर पाय वर येतो आणि चप्पल तिथंच राहते. आबांनी पट्टीत पाऊल ठेवलं, बूट घोट्यापर्यंत रुतला. तो ओढून काढत ते अण्णांना म्हणाले, "गणपत, हे काय केलंस?" अण्णा म्हणाले, "आवं सुभेदार, वाईच वलं हाय. बैलगाडी जाती की." आबा म्हणाले, "बैलगाडी आभाळातनं येती व्हय रं?" मग मलाच विचारल्यासारखं हळू म्हणाले, चाक रुतलं तर उलटं पडंल. मी मान हलवली. काळी माती वरून ओली की सुकी, कळत नाही. काका कराडच्या धावपट्टीवरून कधीच निघाला असणार. विमानात बोलायचं यंत्र नव्हतं, आणि साहेब औषधाची पिंपं घेऊन ट्रकनं मागून येत होते. कमान पाडायला घेतली तर खुंट खोल गाडलेले. हात हलवून थांबवावं, तर सारं गाव मघापासून आनंदानं हातच हलवत होतं.

तेव्हा मी म्हणाले, "आबा, फुली काढू या. काका सांगतो ना, फांद्यांची—" आबांनी मला पुरं बोलू दिलं नाही. "ठाऊक हाय. फुली म्हंजे येऊ नगं, सरळ वळ म्हंजे ये. फुली हितं घालायची आन् वळ माळावर. तो माळ त्यानं चालून बघितलाय." मी त्यांच्याकडं बघतच राहिले. ही गोष्ट त्यांना कुणीच सांगितली नव्हती. मग मला उमगलं, काकाच्या गोष्टी सुरू झाल्या की सोप्यातला रेडिओ ऐकू येईनासा व्हायचा.

पण फांद्या काळ्या मातीवर दिसणार कशा? पांढरं कापड हवं होतं आणि तेही लगेच. कुणीतरी म्हणालं, धोतरं. गंगूकाकी म्हणून एक म्हातारी आरतीचं ताट घेऊन पुढं होती, ती म्हणाली, "नगं रं बाबांनो. वरनं बघणाऱ्यानं काय समजावं?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आबा म्हणाले, "पटके सोडा." आमच्याकडं पटका किंवा फेटा जमिनीवर ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाशी इज्जत ठेवणं. भांडणात हरलेला माणूस ते करतो, किंवा लेकीचं सासर फिरलं तर बाप करतो. अण्णा खाली बघू लागले. नदीच्या बाजूनं बारीक घरघर ऐकू आली. आबांनी वर हात नेला, फेट्याचं टोक सोडलं आणि फिरवत फिरवत सगळा उतरवला. माझ्या हातात एक टोक दिलं. म्हणाले, "धर. रोजच्यासारखं ताण." आणि आम्ही दोघांनी तो चिखलात लांब अंथरला.

आबांचं डोकं इतकं लहान आणि पांढरं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. अण्णांनी ते पाहिलं आणि आपला पटका सोडून त्याच्यावर आडवा टाकला. झाली फुली. मग सगळा जमाव माळाकडं पळाला. गडी धावता धावता पटके सोडत होते, पोरी शेरडं हाकलत होत्या, रसूलभाईंनी मंडपाच्या पांढऱ्या झालरी ओढून आणल्या. हलगीवाला कुणी सांगितलं नाही म्हणून वाजवतच राहिला. माळाच्या मधोमध पटक्यामागं पटका लागत गेला, आणि विमान डोक्यावर आलं.

ते लहान होतं, पिवळं, आवाज मात्र मोठा. काका अण्णांच्या रानाकडं वळला, खाली आला, कमानीच्या रोखानं आणखी खाली आला. गंगूकाकीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की पुढं दोन दिवस वळ होता. मग इंजिनाचा आवाज एकदम चढला, विमान फुलीवरून सरळ वर गेलं, एक पंख कलवून वळलं आणि माळावर, त्या पांढऱ्या ओळीच्या कडेनं, धुळीचा लोट उडवत उतरलं. जो धुरळा उडू नये म्हणून एवढं केलं, तो सगळ्या गावाच्या तोंडावर बसला. गावानं तो पुसलासुद्धा नाही.

काका खाली उतरला. समोर सगळे पुरुष बोडक्या डोक्यांनी उभे. त्याला वाटलं कुणीतरी गेलं. तो चेहरा मी विसरले नाही. मग त्याला ओळ दिसली आणि पुढं आबा दिसले. आबा चालत त्याच्यापर्यंत गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याला विचारलं, "कुठं लागलं का?"

"न्हाई, आबा."

"मग जा, माझा फेटा उचल तेवढा. तिकडं रानात पडलाय."

काका गेला, चिखलात दोन्ही बूट गमावून फेटा घेऊन आला, आणि गावानं त्याला तसाच अनवाणी कमानीखालून नेला. कमान फुकट जाऊ द्यायला रसूलभाई तयारच नव्हते. आरती झाली, नारळ फुटले. तेवढ्यात साहेबांचा ट्रक पोचला. त्यांनी बोडकं गाव पाहिलं, ओलं रान पाहिलं, माळावरचं विमान पाहिलं आणि डोक्याला हात लावला. अण्णा आधीच पुढं झाले. म्हणाले, "साहेब, माळ लय झकास हाय. मी पहिल्यापास्नं सांगत हुतो." कुणी त्यांना अडवलं नाही. आबांनी पुडा काढून काकाच्या हातात दिला आणि त्यानं उभ्यानंच भडंग खायला सुरुवात केली.

काका परत गेला नाही. फवारणीची विमानं यायची पुढं बंद झाली, तेव्हा त्यानं कुपवाडला पंप दुरुस्तीचा कारखाना घातला आणि तिथंच म्हातारा झाला. पण ते नंतरचं. त्या हंगामात आबा साताऱ्याला परतलेच नाहीत, गावातच राहिले. उजाडलं की ते माळावर हजर. या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत चालायचे, सावकाश, परेडचं मैदान तपासल्यासारखे. खडा दिसला तर बुटानं उडवायचे, ओल वाटली तर थांबून वाकायचे. काका विमानात पट्टा बांधून बसलेला असायचा आणि साहेब घड्याळ बघत येरझाऱ्या घालायचे. ऊन चढलं की वारा सुटतो, मग औषध उडून जातं, त्यामुळं त्यांना घाई. एकदा ते काकावर चिडले, इंजिन तयार आहे, टाकी भरलीय, मग आता कशासाठी थांबलायत?

काका माळाच्या पलीकडच्या टोकाला चाललेल्या त्या ताठ आकृतीकडं बघत म्हणाला, "सुभेदारांचा हात वर व्हायचाय अजून, साहेब."